बंद केली तर

"कधीकधी," ताझागुल म्हणाली,
आणि ओतेनियाझ उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला.
कायमचं बिघडलेलं ते डोळे मिटून उघडतात.
'कधीकधी' ऐकलं की आधी चहा मागवतात.

नुकूसची जुलैमधली दुपार, पत्र्याखाली पंचेचाळीस.
पांढरी नेक्सिया, दारांच्या फटींत खारी धूळ,
नुकूस ते कुंग्राद, चार माणसं भरली की निघायचं.

सकाळी पहिल्या चावीला उठते.
उणे वीसमध्येही उठली होती, शेजाऱ्यांच्या झोपून राहिल्या तेव्हा.
पण तापलेली गाडी दहा मिनिटं थांबवली
की कधी उठते, कधी नुसतीच कण्हते.
अर्ध्या तासानं, कुणी हातही न लावता,
शहाण्यासारखी चालू.

बाजारातल्यांनी बॅटरी बदलली.
मग स्टार्टर. मग पेट्रोलचा पंप.
दुखणं रेड्याला, डाग पखालीला,
आणि पैसे दर खेपेला ताझागुलचे.

म्हणून तिनं गाडी बंद करणंच सोडलं.
नान घेताना चालू.
पेट्रोल भरताना चालू, पंपावरचा पोरगा बोंबलायचा.
जूनमध्ये धाकटा भाऊ गेला.
कबरस्तानात बायका जात नाहीत;
ती फाटकाबाहेर गाडीतच बसली, इंजिन चालू ठेवून,
म्हाताऱ्यांना परत न्यायचं होतं.
आत दुआ झाली असेल.
"मला पंख्याचा आवाज ऐकू आला," ती म्हणाली,
आणि लगेच विचारलं, किती लागतील?

उस्ताद म्हणाले, आधी बिघडू दे.

निघालो. मागे मी, मांडीवर मीटर,
पायांशी ओल्या फडक्यात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली.
मला वाटलं, प्यायला असेल.
कालव्यापाशी बंद केली. झाली चालू.
सरकीच्या गोदामापाशी दोनदा. दोन्हीदा चालू.
ताझागुल ओशाळली, खोटं बोलल्यासारखी.
खरबुजांच्या ढिगापाशी चावी फिरवली
आणि नाही.

तिनं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.
उस्तादांचा चेहरा मात्र असा उजळला
जशी हरवलेली मेंढी स्वतःहून दारात आली.
"आता कुणी काही हलवू नका."

चावी अर्धी: मागच्या सीटखाली पंप गुणगुणला.
म्हणजे तो ठीक.
चावी पूर्ण: स्टार्टर जोमात फिरतोय, बॅटरीही ठीक.
प्लग काढून लोखंडाला टेकवला,
ठिणगी नाही. प्लग कोरडा, वासही नाही.
"काटा बघ," मला म्हणाले.
इंजिन गरगरतंय आणि आरपीएमचा काटा
शून्यावर, बसवलेल्या पाहुण्यासारखा.
इंजिन फिरतंय, हे इंजिनच्या मेंदूला
कुणी सांगतच नव्हतं.

मग ते गाडीखाली सरकले, हात बाहेर काढला.
"बाटली."
खाली, पुलीजवळ, अंगठ्याएवढा सेन्सर,
त्याच्या पोटात केसासारख्या तारेचं वेटोळं.
तापलं की फुगतं, कुठेतरी टोक सुटतं.
निवलं की टोकं पुन्हा भेटतात,
आणि मीटरला काही सापडत नाही.

पाणी ओतलं. वाफ झाली.
"फिरव."
फिरवली. काटा उडाला, मग इंजिन,
मग खरबूजवाला, ज्याचा काहीच संबंध नव्हता,
टाळ्या वाजवू लागला.

नवा सेन्सर बसला, दोन बोल्ट.
जुना उस्तादांनी खिळ्यांच्या डब्यात टाकला.
ती निघाली, कोपऱ्यावर पोचली,
आणि गाडी बंद पडली.

मी बाटली घेऊन धावलो.
काचा खाली होत्या. चावी तिच्या हातात होती.
तिनं माझ्याकडे न बघता तळवा वर केला:
थांब.
कुठेतरी कुणी गालिचा बडवत होतं.
तो थांबला. मग काहीच नव्हतं.

मी उलट्या पावली मागे आलो.
बाटलीत घोटभर उरलं होतं.
प्यालो. कोमट.